शनिवारी छताला सहा भोकं – आर्टेक्स – अर्जंट

मा. जो., हॅरो
मंडळी, शनिवारी सकाळी ९ ला इलेक्ट्रिशियन येतोय. मालकाला बैठकीच्या छतात सहा स्पॉटलाइट हवेत. छत पंख्याच्या नक्षीचं आर्टेक्स (छतावर थापलेला नक्षीदार जाड लेप), इमारत १९७४ ची. एजंट म्हणतो, अ‍ॅस्बेस्टॉसचा कायदा राहत्या घराला लागूच नाही, तपासणी मिळणार नाही. खरं आहे का? आणि लॅब कोणती?

दे. का., वेम्बली
एजंट अर्धं बरोबर बोलतोय, म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. २०१२ च्या नियमावलीतला ४ था नियम (शोधा, नोंदवा, सांभाळा) दुकानं-कचेऱ्यांना आणि इमारतीच्या सामाईक भागांना आहे: जिना, लिफ्टची विहीर, माळा. तुमच्या दाराच्या आत तो येत नाही.

५ वा मात्र येतो, आणि तो काम करणाऱ्यावर आहे. अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, कुठल्या जातीचं, कशा अवस्थेत, हे ठरवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. शंका असेल तर आहेच, आणि नुसतं पांढरं, म्हणजे कमी घातक जातीचं, नाही, असं धरून पुढची सगळी काळजी घ्यायची. एकट्याने धंदा करणाऱ्यालाही हे लागू. तेव्हा एजंटला सोडा, इलेक्ट्रिशियनला मेल करा: "५ व्या नियमाप्रमाणे केलेली पाहणी कामाआधी लेखी पाठवा." एजंटला फक्त सीसी.

सु. रा., स्लाऊ
पांढऱ्या जातीवर ब्रिटनमध्ये बंदी १९९९ ला आली, निळ्या-तपकिरी जातींवर १९८५ ला. म्हणजे ७४ च्या छतात असणं अगदी शक्य. लॅब यूकास-मान्य (यूकास म्हणजे लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) हवी, नमुनाही त्यांच्याच माणसाने घेतलेला बरा. एकाच जागेचा घेऊ देऊ नका. आर्टेक्सची पावडर जागेवर कालवून थापायचे, एका कोपऱ्यात असतं, दुसऱ्यात नसतं. खरवडायच्या आधी साबणाच्या पाण्याचा फवारा, दुहेरी पिशवी, नंतर तिथे फिलर.

सचिव
ही मेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे हे तिसऱ्यांदा सांगतोय. घरभाड्याचे प्रश्न दुसऱ्या यादीवर. शिवाय मंडळाच्या गॅरेजची किल्ली अजून परत आलेली नाही.

दे. का., वेम्बली
सचिवसाहेब, त्याच गॅरेजचं छप्पर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचं आहे, आणि मखर त्याखालीच असतं. गावाकडच्या पत्र्यांसारखंच म्हणून कोणी शेवाळं प्रेशर वॉशरने काढू नका, मागच्या वेळी तोच बेत चालला होता. अखंड पत्रा निरुपद्रवी. घासला, फोडला की तंतू सुटतात.

अ. पा., हाउन्स्लो
आर्टेक्सचं एवढं मनावर घेऊ नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस थोडंच, तेही घट्ट बसलेलं, आणि भोक पाडायला सहसा परवानाधारक लागत नाही. मला जास्त धास्ती फ्यूज बोर्डाची. जुन्या रिवायरेबल (तार बदलायच्या) फ्यूजमध्ये विणलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा तुकडा असतो, आणि मागची किंवा पाइपांभोवतीची फळी अ‍ॅस्बेस्टॉसच्या इन्सुलेटिंग बोर्डाची असू शकते. ती काढणं बहुधा परवान्याचं काम, एचएसईला (कामाच्या सुरक्षिततेचं सरकारी खातं) १४ दिवस आधी कळवून. नवे दिवे म्हणजे फ्यूज बोर्ड उघडणारच. तेही पाहणीत घ्यायला सांगा.

सु. रा., स्लाऊ
थोडं असलं तरी कोरडं होलसॉ (गोल भोक पाडायची करवत) नको, सहा भोकांची भुकटी सोफ्यावर बसते. एचएसईच्या पत्रकातली रीत अशी: जागेवर घट्ट पेस्ट, सावकाश ड्रिल, शेजारी क्लास एच (घातक धुळीसाठीचा) व्हॅक्यूम. घरातला व्हॅक्यूम लावलात तर तंतू फिल्टरमधून निघून खोलीभर होतात. झाडूही नको, ओलं फडकंच, आणि ते कचऱ्यात टाकायचं नाही, अ‍ॅस्बेस्टॉसच्या पिशवीत. खरं तर जुन्या दिव्याच्या जागेवरूनच ट्रॅक लाइट घेतला तर भोकंच वाचतात.

वि. दे., क्रॉयडन
मालकाला सगळं आर्टेक्स काढायला लावता येईल का?

दे. का., वेम्बली
धड, रंगवलेलं छत काढा असं कायदा सांगत नाही. पोपडे सुटत असतील, गळतीने फुगलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम ११ (दुरुस्ती), आणि २०१८ चा राहण्यायोग्यतेचा कायदा, त्याखाली भाडेकरू स्वतः कोर्टात जाऊ शकतो. काउन्सिलच्या धोक्यांच्या यादीतही अ‍ॅस्बेस्टॉस आहे. फोटो तारखेसह, तक्रार लेखी. तोंडी सांगितलेलं मालकाच्या लक्षात राहत नाही. आणि २०१८ चा कायदा स्कॉटलंडमध्ये नाही, एडिंबराकरांनी हा मेल पुढे पाठवू नये.

सचिव
किल्ली?

मा. जो., हॅरो
इलेक्ट्रिशियनला मेल केला. अर्ध्या तासात उत्तर: शनिवार रद्द, आधी लॅबचा कागद. आता एजंट विचारतोय, नमुन्याचे पैसे कोण देणार.

अ. पा., हाउन्स्लो
दिवे कोणाला हवेत? त्याने.