मदत हवी आहे: स्प्रिंगवाल्या एअर रायफलची झणझण कमी करायचीय, गाइड आणि ग्रीसवर अडलोय

मंडळी, नाशिकहून लिहितोय. ज्यांनी ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) स्प्रिंग एअर रायफल स्वतः उघडून ट्यून केलीय त्यांचा सल्ला हवाय. रायफल देशी बनावटीची आहे, ०.१७७ (बोअर इंचात, म्हणजे ४.५ मिमी), लाकडी दस्ता, काही वर्षं वापरलेली, निशाणा अजूनही छान धरते. त्रास एकच आहे, ट्रिगर ओढला की छर्रा जातो आणि मागे स्प्रिंग झणझणत राहते, एकतारी छेडून सोडल्यासारखी, आणि ती झणझण दस्त्यातून थेट गालात येते. शेजारी उभ्या माणसाला तेवढं जाणवत नाही पण ज्याचा गाल दस्त्यावर आहे त्याला हाडातून ऐकू येतं, त्यामुळे "एवढा काही आवाज नाही" असं दुकानदार म्हणाला तेव्हा तो त्याच्या जागी बरोबर होता आणि मी माझ्या.

ही रायफल मुख्यतः माझी पुतणी वापरते. पंचवटीत आमचा जुना वाडा आहे, मागच्या पडवीत दहा मीटर बरोबर मिळतात, शेवटी जाड दगडी भिंत, तिच्यापुढे तिरका लोखंडी पत्रा आणि रद्दीनं गच्च भरलेली पेटी असा ट्रॅप केलाय, आणि नेम लावताना मधे कुणी येऊ नये म्हणून दाराला कडी असते. दहा मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे पोरगी एवढ्या तन्मयतेनं श्वास रोखून उभी राहते आणि ट्रिगर तुटायच्या आधीच डोळे मिचकावते, कारण तिला माहितीय की आता ती झणझण येणार. छर्रा नळीबाहेर गेल्यावरही झणझण चालू राहते, म्हणजे झणझणीनं छर्रा फारसा हलत नसेल हे मला पटतं, पण तिच्या बिचकण्यानं नक्की हलतो. स्प्रिंग गनमध्ये फॉलो थ्रू (ट्रिगर ओढल्यावरही तसंच स्थिर राहणं) किती लागतो ते तुम्हाला सांगायला नको. पुढेमागे जमेल तेव्हा मॅचची पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) घेऊच, पण आत्ता हाताशी हीच आहे आणि हिच्यावर ती मनापासून मेहनत घेतेय, म्हणून मला ही नीट करून द्यायचीय.

आवाज स्प्रिंगचाच आहे हे कशावरून, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. दस्त्याचे स्क्रू सगळे कसून घेतले, काही फरक नाही. डिझेलिंग (आत गेलेलं तेल-ग्रीस पेटणं) म्हणावं तर तो कडाडल्यासारखा आवाज असतो, जळकट वास येतो, नळीतून धूर दिसतो, तसलं काही नाही. पिस्टन (स्प्रिंग ज्याला ढकलून हवा दाबते तो) पुढे आपटत असेल तर एकच कोरडा ठोका बसेल, तो सील गळत असलं किंवा छर्रा फार हलका असला की येतो, इथे ठोका आहे पण बेताचा, आणि त्याच्यानंतर ती लांब झणझण आहे. शिवाय कॉक करताना (नळी मोडून स्प्रिंग दाबताना) मधेच कुरकुर ऐकू येते, म्हणजे स्प्रिंग गाइडवर (तिच्या आतून जाऊन तिला सरळ धरणारी नळी) घासतेय हे उघड आहे.

मग उघडली. उघडायला सुताराचा लांब शिकंजा वापरला, कारण मागचा ब्लॉक पिना काढल्यावर स्प्रिंगच्या जोरानं बाहेर येतो, आमच्या रायफलीत तो साधारण ५ सेंमी मागे सरकला तेव्हा कुठे स्प्रिंग मोकळी झाली. जे कुणी हे वाचून पहिल्यांदा उघडणार असतील त्यांना हात जोडून विनंती, हातानं दाबून पिन काढायला जाऊ नका, तो ब्लॉक तोंडावर आला तर डोळा जाईल. आणि रायफल कॉक असताना तर पिनेला हातच लावायचा नाही.

आत काय दिसलं ते आता. स्प्रिंगची तार ३ मिमी, बाहेरून २०.२, आतून १४.२. काचेवर ठेवून घरंगळवली तर सरळ पळते, कुठे उड्या मारत नाही, म्हणजे वाकलेली नाही. पण गाइड पत्र्याची गुंडाळलेली नळी आहे आणि ती भरते फक्त १२.९. म्हणजे १.३ मिमीचा प्ले! पुढच्या बाजूला टॉप हॅट (स्प्रिंगच्या पुढच्या तोंडात बसणारी टोपी) वगैरे काही नाहीच, स्प्रिंग सरळ पिस्टनच्या तळाला टेकते. पिस्टन आतून २१.६, तिथेही १.४ मोकळे. एवढी मोकळी जागा मिळाल्यावर स्प्रिंग आतल्या आत गाइडवर आणि पिस्टनवर आपटणारच. स्प्रिंगची टोकंही नुसती कापून सोडलेली, तारेच्या कापलेल्या कडेनं गाइडच्या बुडाला गोल चरा पाडलाय, कुरकुर बहुतेक तिथूनच येते, कारण दाबली जाताना स्प्रिंग स्वतःभोवती थोडी पिळते आणि ती कड खरवडत जाते.

टोकांचं काम मी करून टाकलं. आधी बारीक ग्राइंडरवर हलक्या हातानं आणि दर थोड्या वेळानं पाण्यात बुडवून, कारण टोक निळं पडलं की पाणी उतरलं आणि मग ती स्प्रिंग स्प्रिंग राहत नाही. नंतर पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत केलं.

आता खरा प्रश्न गाइडचा. अंबड एमआयडीसीत ओळखीचे एक टर्नर आहेत, काका एकदम कसबी आहेत आणि लहान जॉब असला तरी नाही म्हणत नाहीत, ते म्हणाले रॉड आण, पाहिजे तसं वळून देतो. नायलॉन सहज मिळतो पण तो हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने जी दमट हवा असते तिच्यात दशांश मिलिमीटरचं फिटिंग टिकेल असं मला वाटत नाही. टेफ्लॉन मऊ, दाबाखाली हळूहळू पसरतं. म्हणून डेलरीन (कडक, फारसा ओलावा न पिणारं प्लास्टिक) घ्यायचं ठरवलंय. बुडाला स्टीलचा पॉलिश वॉशर देणार, नाहीतर स्प्रिंगचं टोक प्लास्टिक खाऊन टाकेल.

पण व्यास किती ठेवू? स्प्रिंग दाबली की तिचा व्यास किंचित वाढतो. माझ्या स्प्रिंगचे वेढे मोकळ्या अवस्थेत ८ मिमी अंतरावर आहेत, त्यावरून गणित केलं तर पूर्ण दाबल्यावर व्यास साधारण ०.१६ मिमीनं वाढतो. म्हणजे कॉक केल्यावर गाइड आपोआप थोडी सैल होणार आणि सुटून परत आल्यावर घट्ट पकडणार, आणि झणझण मरायला हीच पकड हवीय. मग मोकळ्या स्प्रिंगवर बरोबर १४.२ ठेवू, की १४.३ करून स्प्रिंग पिळून चढवावी लागेल इतकी टाइट ठेवू? काका म्हणतात टाइट कर, वापरून बसेल. मला भीती अशी की फार टाइट झाली तर सुटताना वेग खाईल आणि शॉट शॉटला वेगळा पडेल. ज्यांनी करून बघितलंय त्यांनी आकड्यात सांगा प्लीज, "हलकं टाइट" म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं.

पिस्टनच्या आतून लायनर घालायचा विचार आहे. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक व्हर्नियरनं मोजलं तर ०.३ भरलं, दोन्ही बाजूंचे मिळून ०.६ जातात, उरले ०.८, स्प्रिंग फुगली तरी अडकायची नाही. कॉकिंग लिव्हरसाठी पिस्टनला खालून जो लांब गाळा आहे तेवढा भाग कापावा लागेल. हे प्लास्टिक किती टिकतं? फाटून तुकडा सिअरमध्ये (कॉक केलेला पिस्टन धरून ठेवणारा खटका) गेला तर भलताच धोका, त्यापेक्षा लायनर नसलेला बरा असंही मनात येतं. इथे कुणाचा लायनर दोन-तीन हजार छर्‍यांनंतर उघडून बघितलेला असेल तर त्याचा अनुभव मला पुस्तकी सल्ल्यापेक्षा जास्त मोलाचा आहे.

टॉप हॅटही डेलरीनचीच करणार, वजन कमी राहावं म्हणून. पण तिची कॉलर आणि मागचा वॉशर मिळून जेवढी जाडी वाढेल तेवढा प्रीलोड (कॉक न करताही स्प्रिंगवर असणारा दाब) वाढणार, कॉक करायला जड होणार, आणि पुतणीचे हात अजून कोवळे आहेत. दोन्ही मिळून २ मिमीच्या आत बसवावं असं चाललंय.

ग्रीसचं सांगा. बाहेरचे लोक स्प्रिंगवर चिकट काळं डॅम्पिंग ग्रीस लावतात, टार म्हणतात त्याला. ते मला भद्रकालीत, शालिमारला, कुठेच मिळालं नाही, जो तो साधं लिथियम ग्रीस पुढे करतो. ते पातळ, सीलच्या पुढे गेलं की डिझेलिंग सुरू. एका कंपनीच्या मेंटेनन्समधल्या मित्रानं ओपन गिअरवर लावतात ते काळं चिकट ग्रीस देऊ केलंय. हात लावला तर तार सुटते इतकं चिकट, कामाचं वाटतं, पण असल्या ग्रीसमध्ये कधीकधी सॉल्व्हंट असतं, आणि ते उडून जायच्या आधी रायफल बंद केली तर आत पेट घेईल. उघड्यावर पसरून किती दिवस ठेवलं की सुरक्षित? आणि नाशिकच्या डिसेंबरात सकाळी सराव असतो, तेव्हा हे घट्ट होऊन वेग पाडतं का? मी वेढ्यांच्या बाहेरून अगदी पातळ पुसट थर देणार आहे, आणि पिस्टनच्या मागच्या कडेला मोली पेस्ट (मोलिब्डेनमचं वंगण), सीलच्या पुढे काहीच नाही.

पॉवर वाढवायची नाहीये हे आवर्जून सांगतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही, आणि अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याला २० ज्यूल गाठायला सेकंदाला २८३ मीटर वेग लागेल, आमची त्याच्या जवळपासही नाही आणि तशीच राहू दे. कागदावर भोकं पाडायला पुरून उरते. पाखरांवर वगैरे कुणी चालवणार नाही, आमच्या घरात ते चालत नाही.

अपडेट: काही जणांनी व्यक्तिगत निरोपात सुचवलं त्याबद्दल आभार. गॅस पिस्टन टाका म्हणजे वेढेच नाहीत तर झणझण कुठली, हे खरंय, पण आमच्या ट्यूबच्या मापाचा तयार मिळत नाही. स्प्रिंगचे दोन वेढे कापा असंही एकानं लिहिलंय. कापल्यावर शेवटचा वेढा तापवून बसवून परत सपाट करावा लागतो, नाहीतर स्प्रिंग तिरकी उभी राहते आणि झणझण वाढते, आणि मुळात प्ले जिथल्या तिथेच राहतो. ते नाही करणार. आणि छर्रा न घालता ट्रिगर ओढून आवाज ऐकवा असं ज्यांनी म्हटलंय त्यांना, दादा, रिकामी उडवली की पिस्टनपुढे हवेची गादीच राहत नाही, सील आणि स्प्रिंग दोन्ही मार खातात. छर्रा घालूनच रेकॉर्डिंग करेन, फोन दस्त्याला बांधून.

रविवारी काकांकडे जायचंय, त्याच्या आधी गाइडचा आकडा मिळाला तर फार बरं होईल. आणि सातपूर-अंबड बाजूला १६ मिमीचा डेलरीन रॉड फूट-दीड फूट सुटा कापून देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा, मी विचारलं तिथे सगळे पूर्ण रॉडच घ्या म्हणतायत.