टर्बोटॅक्समध्ये देणग्या भरल्या, पण रिफंड हलत नाही

नमस्कार मंडळी,

२०२५ चं अमेरिकेतलं टॅक्स रिटर्न टर्बोटॅक्स या प्रोग्रॅममध्ये भरतो आहोत. नवरा-बायको एकत्र, कॅलिफोर्निया. घरकर्जाचं व्याज ११,२०० डॉलर, राज्याचा आयकर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून १३,५००. देणग्या ६,४००: देवळाला २,०००, ऑफिसच्या पोर्टलवरून फूड बँकेला १,५००, पुण्याच्या एका शाळेला १,२०० (८०जी ची पावती आहे), मंडळाच्या गणेशोत्सवाला ७००, सोफा आणि कपडे १,०००. सगळं भरूनही वरचा रिफंडचा आकडा तसाच आहे, आणि सोफ्यापाशी फॉर्म ८२८३ (दान दिलेल्या वस्तूंचा फॉर्म) ची माहिती मागतात. कुठे चुकतंय?

---

आकडा हलत नाही यात प्रोग्रॅमची चूक नाही. व्याज, कर आणि देणग्यांची तुमची बेरीज ३१,१०० होते आणि एकत्र रिटर्नचं २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न मोजता मिळणारी ठरावीक वजावट) ३१,५०० आहे. दोन्हींतलं मोठं असेल ते प्रोग्रॅम आपणहून निवडतो.

म्हणून देणग्या पुसून टाकू नका. फेडरलला (केंद्राच्या रिटर्नमध्ये) स्टँडर्ड घेतलं तरी कॅलिफोर्नियाच्या रिटर्नमध्ये आयटमाइझ करता येतं, म्हणजे एकेक खर्च मोजून वजावट घेता येते. राज्याचा आयकर तिथे धरत नाहीत, पण व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळूनच तिथलं स्टँडर्ड डिडक्शन ओलांडलं जाईल. त्यापुढची प्रत्येक देणगी राज्याच्या रिफंडमध्ये दिसेल, तेव्हा तो आकडा बघा. न्यूयॉर्कवाल्यांनाही हीच मुभा आहे. इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात आयटमाइझ हा प्रकारच नाही.

पण ६,४०० हा आकडा बरोबर नाही. बँकेच्या स्टेटमेंटवरून किंवा पोर्टलच्या यादीवरून देणग्या भरू नयेत, पावती समोर ठेवूनच भराव्यात. फूड बँकेच्या १,५०० मध्ये कंपनीचं मॅचिंग (तुमच्या देणगीवर कंपनीने घातलेली भर) आहे का? पोर्टलच्या वार्षिक अहवालात दोन्ही रकमा शेजारी-शेजारी असतात आणि खाली बेरीज एकच. निम्मे कंपनीचे असतील तर तुमचे ७५०. पावती बऱ्याचदा फूड बँकेच्या नावाने न येता पोर्टलच्या मागच्या फाउंडेशनच्या नावाने येते. पावतीवर असेल तेच नाव भरा.

पुण्याचे १,२०० शून्य धरा. ८०जी ही भारतातल्या आयकराची सवलत आहे, इथल्या शेड्यूल ए ला (आयटमाइझच्या फॉर्मला) ती चालत नाही. त्याच शाळेसाठी अमेरिकेत नोंदलेल्या ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय) संस्थेमार्फत पैसे दिले असते तर चाललं असतं. प्रोग्रॅम हे अडवत नाही. संस्थेचं नाव टाकलं की मुकाट्याने घेतो, म्हणून आपणच बघायला हवं. आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) साइटवर ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक) टाकून संस्था तपासता येते. देऊळ मात्र त्या यादीत दिसलं नाही तरी घाबरू नका. चर्चला लागू असलेला नियम देवळांनाही आहे, त्यांना वेगळा अर्ज करावा लागत नाही.

देवळाचे २,००० एकाच चेकने दिले असतील तर वटलेला चेक पुरत नाही. एका वेळी २५० किंवा जास्त दिले की संस्थेचं पत्र लागतं आणि त्यात "मोबदल्यात काही दिलेलं नाही" असं किंवा काय दिलं ते लिहिलेलं असावं लागतं. हे पत्र रिटर्न भरण्याआधी हातात हवं. ऑडिट आल्यावर मागवलेलं पत्र चालत नाही.

---

सोफ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

वस्तूंची वर्षाची एकूण रक्कम ५०० च्या वर गेली की फॉर्म ८२८३ चा सेक्शन ए लागतोच. तुम्ही नुसते "१,०००" टाकलेत तर प्रोग्रॅम पुढे अडणारच. जितक्या तारखांना सामान दिलं तितक्या वेगळ्या नोंदी करा, संस्था एकच असली तरी. सोफा मेमध्ये आणि कपडे नोव्हेंबरमध्ये दिले असतील तर दोन नोंदी.

सोफ्याची किंमत एकट्याची ५०० च्या वर लावली असेल तर तो कधी घेतला, कसा घेतला (विकत, भेट, वारसा) आणि केवढ्याला घेतला हेही भरावं लागतं. इथे दोन रकाने उलटसुलट होतात. कॉस्टमध्ये दुकानात मोजलेले पैसे, आणि फेअर मार्केट व्हॅल्यूमध्ये आज जुन्या सामानाच्या दुकानात जे मिळतील ते. वजावट दुसऱ्या आकड्याची मिळते. किंमत कशी ठरवली या प्रश्नाला थ्रिफ्ट शॉप व्हॅल्यू हा पर्याय निवडा. कपडे आणि घरसामान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत असावं लागतं, त्यामुळे देण्याआधी फोटो काढावेत.

संस्थेच्या पावतीवर किंमत नसते, ती आपणच लावायची. पण "दोन पिशव्या कपडे" अशी मोघम पावती घेऊ नका. ५ शर्ट, ३ जीन्स, १ कोट अशी यादी करून पावतीला जोडा.

शेअर दिले असतील तर ते वस्तूंत किंवा रोख रकमेत घालू नका, त्यांचा प्रकार वेगळा निवडायचा. एक वर्षाहून जास्त ठेवलेले असतील तर देण्याच्या दिवशीच्या सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या भावाची सरासरी धरतात. आरएसयूचे (नोकरीत कंपनीकडून मिळालेले) शेअर असतील तर घेतल्याची तारीख म्हणजे व्हेस्ट झाल्याची, शेअर प्रत्यक्ष तुमचे झाल्याची तारीख. ग्रँटची (कंपनीने देऊ केल्याची) तारीख टाकली की कमी दिवस ठेवलेला शेअरही प्रोग्रॅमला जुना वाटतो.

---

ताईंचं बरोबर आहे. मंडळाच्या ७०० बद्दल सांगतो.

मंडळाने तुमच्यासारख्या प्रायोजकांना जेवणासह ४ पास दिले होते. पत्रात एका पासची किंमत ४० डॉलर छापली आहे, म्हणजे १६० वजा करून ५४० भरायचे. प्रोग्रॅम ही वजाबाकी करत नाही, त्याला ५४० च द्या. रॅफलच्या (सोडतीच्या) तिकिटाचे पैसे देणगीत धरू नयेत, आणि स्वयंसेवेच्या तासांचे पैसेही लावता येत नाहीत. सामान आणायला गाडी स्वतःची वापरली असेल तर मैलाला १४ सेंट मिळतात, पण तारखेनिहाय मैलांची नोंद ठेवलेली हवी. पत्र मिळालं नसेल तर रिटर्न पाठवण्याआधी खजिनदारांच्या पत्त्यावर कळवा.

---

सर्वांचे आभार. म्हणजे २,००० + ७५० + ५४० + १,००० = ४,२९०. मॅचिंग निम्मंच होतं. फेडरलला स्टँडर्डच राहील, राज्याचा रिफंड मात्र वाढतो आहे.

---

बरोबर. आणखी दोन गोष्टी. ज्यांचं वय साडेसत्तरच्या पुढे आहे आणि ज्यांनी आयआरएमधून (निवृत्तीच्या बचत खात्यातून) थेट संस्थेला पैसे पाठवले आहेत, त्या काका-काकूंनी ती रक्कम देणग्यांत भरू नये. १०९९-आर (त्या खात्यातून काढलेल्या पैशांचा फॉर्म) भरताना "थेट संस्थेला दिले" या प्रश्नात ती सांगायची, नाहीतर सवलत दोनदा घेतल्यासारखं होतं.

दुसरं २०२६ साठी. स्टँडर्ड घेणाऱ्या जोडप्याला रोख देणग्यांपैकी २,००० पर्यंत वजावट मिळेल. सोफा त्यात चालणार नाही, डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडात (पुढे संस्थांना देण्यासाठी पैसे ठेवायच्या फंडात) टाकलेले पैसेही नाहीत. आयटमाइझ करणाऱ्यांना एजीआयच्या (ठरावीक वजावटींनंतरच्या एकूण उत्पन्नाच्या) अर्ध्या टक्क्याइतकी देणगी सोडून द्यावी लागेल, म्हणजे २,००,००० च्या एजीआयला पहिले १,०००. तेव्हा २०२६ मध्ये देवळाला द्यायची रक्कम वस्तूंऐवजी चेकने द्या, आणि पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या.