वॉर्डातला कचरा कमी करायचाय, सुरुवात नेमकी कुठून करू?

वॉर्डसिस्टर४
नमस्कार मंडळी. मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे, ३० बेडचा वॉर्ड. आमच्या हॉस्पिटलमध्ये नुकतीच पर्यावरण कमिटी झाली आणि त्यात माझं नाव घातलं, मला मनापासून बरं वाटलं कारण हा विषय बरीच वर्षं खुपत होता. तर मी काय केलं, एक दिवस मॉर्निंगला पिवळ्या पिशव्या बांधायच्या आधी मावशींबरोबर उभी राहिले आणि वरून नुसतं बघितलं, हात घातला नाही. काय दिसावं, सिरिंजचे रॅपर, सलाईनच्या बाटलीवरचं बाहेरचं प्लॅस्टिक, ग्लोव्हजचा रिकामा खोका, हात पुसलेले कागद. रक्त लागलेलं ड्रेसिंग शोधावं लागत होतं. आणि हे सगळं संसर्गजन्य म्हणून भट्टीत जाणार. मावशी म्हणाल्या सिस्टर रोज असंच असतं, मला तर कसंतरीच झालं.

मला पोस्टर लावायचे नाहीत, ते आठवड्यात भिंतीचा भाग होऊन जातात. स्टाफ आधीच कमी आहे, त्यांच्यावर अजून एक रजिस्टर लादायचं नाही. तुमच्याकडे खरंच काय चाललं ते सांगा. आणि इन्फेक्शन कंट्रोलवाले नाही म्हणतील ही पण भीती आहे.

हातधुणे
सिस्टर, मी इन्फेक्शन कंट्रोलचीच नर्स आहे आणि मी नाही म्हणणार नाही :) जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाच आहे की हॉस्पिटलच्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के घरच्या कचऱ्यासारखा साधा असतो, धोकादायक फक्त १५ टक्के. पण साधा कचरा एकदा पिवळ्या पिशवीत पडला की तो संसर्गजन्यच धरायचा, हाताने परत वेगळा करायला कुणालाही सांगू नका, आत सुई असली तर मावशींच्या बोटात जाते. म्हणजे जे करायचं ते पिशवीत पडायच्या आधी.

तुमची ड्रेसिंगची ट्रॉली जाऊन बघा. माझी खात्री आहे तिला एकच बादली अडकवलेली असेल आणि ती पिवळी. ड्रेसिंग करताना पहिल्यांदा हातात काय येतं, रॅपर. ते जवळच्या बादलीत जाणारच, त्यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. आमच्याकडे ट्रॉलीला साध्या कचऱ्याची मोठी बादली उजव्या हाताला लावली आणि पिवळी छोटी करून खालच्या कप्प्यात ठेवली, बाकी काहीही केलं नाही, लेक्चर नाही की सर्क्युलर नाही, आणि पिवळ्या पिशव्या दिसण्याइतक्या हलक्या झाल्या. बेडशेजारी पिवळी बादली असेल तर ती पण उचला, पेशंट आणि नातेवाईक त्यात सगळंच टाकतात.

दुसरं, ग्लोव्हज. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलने २०१८ मध्ये गरज नसताना ग्लोव्हज घालू नका अशी मोहीम चालवली आणि एका वर्षात सुमारे २१ टन प्लॅस्टिक वाचलं. बीपी घेताना, गोळ्या देताना, स्वच्छ चादर घालताना ग्लोव्हज लागत नाहीत. दंडात इंजेक्शन देताना सुद्धा पेशंटची आणि आपली त्वचा धड असेल तर लागत नाहीत. रक्त, लघवी, जखम, आयव्ही लाईन (शिरेतली औषधाची नळी) घालणे, आयसोलेशनचा म्हणजे संसर्गामुळे वेगळा ठेवलेला पेशंट, इथे मात्र हवेतच, त्यात तडजोड नाही. ग्लोव्हज घातले की माणूस हात धुवायचा विसरतो आणि त्याच हाताने पुढच्या बेडला जातो, हे मी रोज बघते. त्यामुळे मला यात कचऱ्यापेक्षा इन्फेक्शनचाच फायदा जास्त दिसतो.

मेडिसिनरेसिडेंट
सिस्टर मेडिसिन वॉर्ड म्हणताय तर बादल्यांच्या आधी आमच्याकडे बघा, म्हणजे डॉक्टरांकडे. एक अँटिबायोटिकचा आयव्ही डोस समोर ठेवून मोजा, औषधाची छोटी बाटली म्हणजे व्हायल, सिरिंज, सुई, १०० मिलीची सलाईन, सेट, स्वॅब, नंतर लाईन धुवायची (फ्लशची) वेगळी सिरिंज, या प्रत्येकाचं वेगळं रॅपर. तेच औषध गोळीत असेल तर एक गोळी आणि पाण्याचा ग्लास. बरीच अँटिबायोटिक्स अशी आहेत की पेशंट गिळू शकतो, उलट्या नाहीत, ताप उतरणीला लागलाय, तर गोळीने तेवढंच काम होतं (मेंदूज्वर, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन वगैरे सोडून, तिथे डॉक्टरच ठरवणार). पॅरासिटामॉल तर गिळता येत असेल तर आयव्ही द्यायचं काही कारणच नाही तरी सर्रास चालतं.

मी स्वतः हे बघितलंय, एक आजोबा जेवत होते, वॉर्डात फिरत होते आणि हातात लाईन तशीच, कशाला म्हणून विचारलं तर कुणालाच माहीत नाही, असू दे म्हणून राहिलेली. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल, सुजलेली. तेव्हापासून आमच्या युनिटला राउंडमध्ये प्रत्येक बेडपाशी सिस्टर दोनच प्रश्न विचारतात, आयव्हीची गोळी करायची का आणि लाईन काढू का. सिस्टरने विचारलं की सर थांबून विचार करतात, आम्ही ज्युनिअरने विचारलं तर तेवढं होत नाही हे खरं. रोजच्या रक्ततपासण्यांचं पण तसंच, रिपोर्टने ट्रीटमेंट बदलणार नसेल तर ट्यूब भरायचीच कशाला.

भूलतज्ज्ञ_मी
थोडं वॉर्डाबाहेरचं पण कमिटीत नक्की मांडा. आमच्या ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, सगळ्यात मोठा कचरा दिसतच नाही, भुलीचा गॅस. पेशंट तो जवळजवळ आहे तसाच बाहेर सोडतो आणि आपला स्कॅव्हेंजिंगचा (वापरलेला गॅस ओढून नेणारा) पाइप तो फक्त छतावर नेऊन सोडतो, नष्ट काही करत नाही. भुलीच्या गॅसमधला डेसफ्लुरेन १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट वातावरण तापवतो आणि १४ वर्षं हवेत राहतो, दुसरा गॅस सेव्होफ्लुरेन (सेव्हो) साधारण एक-दोन वर्षांत जातो आणि तापवतोही कितीतरी कमी. बहुतेक केसेस सेव्होवर छान होतात. स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेन बंद केला, युरोपियन युनियनमध्ये २०२६ पासून वैद्यकीय कारणाशिवाय वापरता येत नाही. आणि सेव्हो सुद्धा लो फ्लोवर म्हणजे मशीनमध्ये ताजा गॅस कमी सोडून चालवा, हा फ्रेश गॅस मिनिटाला सहा लिटरवर ठेवून केसभर तसाच सोडून देणं ही निव्वळ उधळण आहे.

नायट्रस ऑक्साइड या भुलीच्याच आणखी एका गॅसची सेंट्रल पाइपलाइन असेल तर महिन्याला किती सिलिंडर संपले आणि मशीनवर खरा किती वापरला याचा मेळ घाला. अनेक हॉस्पिटलांत असं निघालंय की बहुतेक गॅस पेशंटपर्यंत पोचतच नाही, मॅनिफोल्ड (सिलिंडर पाइपलाइनला जोडतात ती जागा) आणि जॉइंटमधून गळून जातो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो आणि शंभरावर वर्षं टिकतो. पाइपलाइन बंद करून मशीनला छोटा सिलिंडर लावला की प्रश्न मिटतो.

स्क्रबनर्स
ओटीचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे न वापरता फेकलेल्या वस्तू फार. एका साध्या हर्नियानंतर मी ट्रॉलीवरचे उघडलेले पण न वापरलेले धागे बाजूला काढले, सात पाकिटं, आणि सरांना तिथेच दाखवली. ते गप्प बघत राहिले, मग म्हणाले ही यादी मी रुजू झालो तेव्हाची असेल, बदला. त्या दिवशी बसून त्यांच्या प्रत्येक ऑपरेशनची यादी आम्ही दोघांनी नवी केली, दोन भाग केले, उघडून ठेवायचं आणि जवळ ठेवायचं पण मागितल्याशिवाय उघडायचं नाही. रक्तस्रावाचं सामान कायम हाताशी असतं, त्यात काटकसर करत नाही.

पाटीबदलू
एक शंका. डिस्पोजेबल सोडून कापडी गाऊन, स्टीलचे ट्रे वापरले तर धुवायला पाणी, ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) वीज लागतेच की. मग फायदा काय होतो नक्की?

सीएसएसडीवाला
@पाटीबदलू रास्त प्रश्न आहे. गाऊन आणि ड्रेपच्या (ऑपरेशनला पेशंटवर पसरायचं कापड) बाबतीत बनवण्यापासून फेकण्यापर्यंतचा सगळा हिशोब मांडला तरी धुवून वापरायचा गाऊन बहुतेक वेळा सरस ठरतो, कारण तो कित्येक डझन वेळा फिरतो. उपकरणांचं मात्र वीज कशावर बनते त्यावर आहे, कोळशाच्या विजेवर कार्बनचा फायदा कमी होतो किंवा होतच नाही, कचरा तरी कमी होतोच. आणि आमच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या हातात एक गोष्ट आहे, ऑटोक्लेव्ह अर्धा रिकामा फिरवायचा नाही. वॉर्डातून एक ट्रे आला की अर्जंट म्हणून लगेच सायकल लावतात, त्यातले निम्मे अर्जंट नसतात.

सिस्टर, आयसोलेशन रूममध्ये सामान किती भरता तेवढं बघा. पेशंट डिस्चार्ज झाला की आतलं न उघडलेलं सुद्धा फेकावं लागतं. एका शिफ्टपुरतं ठेवा, बाकी दाराबाहेर.

वॉर्डसिस्टर४
सगळ्यांचे खूप आभार, डोळे उघडले. @हातधुणे तुम्ही म्हणालात तशी ट्रॉली जाऊन बघितली, खरंच एकच पिवळी बादली होती! आज दुसरी लावली. आयसोलेशन रूमच्या कपाटात ग्लोव्हजचे नऊ खोके निघाले, पेशंट एक. @मेडिसिनरेसिडेंट तुमचे दोन प्रश्न उद्याच्या राउंडला मी स्वतः विचारणार आहे, पहिला महिना मीच विचारेन म्हणजे पोरींना अवघड जाणार नाही. फक्त एक सांगा, सर चिडले तर काय म्हणायचं?

मेडिसिनरेसिडेंट
आजोबांच्या हाताची गोष्ट सांगा सिस्टर. कचऱ्याचं नाव नंतर काढा, आधी लाईनची जागा किती दिवसांची झाली ते सांगा. तारीख टेपवर लिहिलेली असली की कुणी वाद घालत नाही.