लिव्हर इम्युनॉलॉजीतली पीएचडी: अर्जाआधी काय विचारावं?

प्रेषक: सुनीता
मंडळी, नमस्कार. भाचीचं पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालंय. बर्मिंगहॅम विद्यापीठात लिव्हर इम्युनॉलॉजीत (लिव्हरमधल्या रोगप्रतिकारक पेशींच्या अभ्यासात) पीएचडीसाठी अर्ज करायचा म्हणतेय. जाहिरातीत 'फुली फंडेड' लिहिलंय. अर्जाआधी काय विचारून घ्यावं?

प्रेषक: अभिजित
सुनीताताई, 'फुली फंडेड'वर जाऊ नका. पैसा यूकेआरआयचा (ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधी संस्थेचा) असेल तर 2025-26 साठी भत्ता वर्षाला किमान 20,780 पौंड, पण फी ब्रिटिश विद्यार्थ्याच्या दराने भरली जाते. परदेशी विद्यार्थ्याची फी त्याच्या कितीतरी पट असते आणि मधला फरक यूकेआरआयच्या पैशातून भरता येत नाही. तो विद्यापीठ माफ करतं का, हे लेखी विचारा. तोंडी 'बघू' म्हणजे नाही समजा. शिवाय ऑफरमध्ये एटॅस सर्टिफिकेट (काही संवेदनशील विषयांसाठी ब्रिटिश सरकारची परवानगी) मागितलं असेल तर ते आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही.

प्रेषक: मेधा
पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न: टिश्यू, म्हणजे अभ्यासाला लिव्हरचा तुकडा, कुठून येणार? उंदराचं की माणसाचं? लिव्हरमध्ये या दोघांचं जुळत नाही. उंदराच्या लिव्हरमध्ये एनकेटी पेशी (रोगप्रतिकारक टी पेशींचा एक प्रकार) भरपूर, माणसाच्या लिव्हरमध्ये त्या तुरळक. मेट (MAIT) पेशी हा टी पेशींचा दुसरा प्रकार, त्यांचं नेमकं उलट. मेट पेशींवरचा प्रोजेक्ट साध्या उंदरांवर बेतला असेल तर गाईडला कारण विचारायलाच हवं.

बर्मिंगहॅमची जमेची बाजू म्हणजे क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल शेजारीच आहे आणि तिथे लिव्हर ट्रान्सप्लांट होतात. पण काढलेली लिव्हर बहुतेक सिऱ्होसिसची, म्हणजे व्रणांनी कडक झालेली. मग तुलनेला 'नॉर्मल' काय घेणार? ट्युमरच्या ऑपरेशनमधला कडेचा भाग की ट्रान्सप्लांटसाठी नाकारलेली दात्याची लिव्हर? पहिल्यात शेजारी कॅन्सर, दुसरी बर्फात बराच वेळ राहिलेली, बऱ्याचदा चरबीचीही. निर्दोष कंट्रोल (तुलनेचं निरोगी टिश्यू) मिळत नाही, म्हणून इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास येतो. आणि ट्रान्सप्लांट घड्याळ बघून होत नाहीत. रात्री टिश्यू आलं तर कोण थांबणार, हेही आताच विचारून घे म्हणावं.

प्रेषक: सुनीता
ती विचारतेय, टेक्निकचं काय वाचून जावं?

प्रेषक: मेधा
दोन टप्प्यांचं परफ्यूजन, म्हणजे लिव्हरच्या रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून पेशी सुट्या करणं. आधी कॅल्शियम नसलेला ईजीटीएचा (कॅल्शियम बांधणाऱ्या रसायनाचा) बफर, त्याने पेशींमधले सांधे सुटतात. मग कोलॅजिनेज (पेशींना धरून ठेवणारं कोलॅजन तोडणारं एन्झाइम), आणि त्यात कॅल्शियम परत घालावंच लागतं, नाहीतर एन्झाइम चालत नाही. पहिल्या बफरचा ईजीटीए नळीत उरला तर तो हेच कॅल्शियम बांधून टाकतो. वॉटर बाथ 37 अंशांवर ठेवून भागत नाही. नळीतून येताना द्रव गार होतो, त्यामुळे कॅन्युलाच्या (रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीच्या) टोकाशी 37 हवेत. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर तेवढ्या भागातलं रक्त धुतलं जात नाही आणि तो लालच राहतो, बाकीचा फिका पडतो. त्या लाल भागातून मग लिव्हरच्या पेशींऐवजी रक्तातल्या लिम्फोसाइट मोजल्या जातात.

पुढे सेंट्रिफ्यूजमध्ये 50 जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या 50 पट) फिरवलं की हिपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरच्या मुख्य पेशी, खाली बसतात. इम्यून पेशी वरच्या द्रवात असतात; घाईत तोच सिंकमध्ये ओतणारे नवशिके कमी नाहीत. एन्झाइम जास्त वेळ ठेवलं तर पेशींवरचे मार्कर (पेशी ओळखायच्या खुणा) कापले जातात, कमी ठेवलं तर कुप्फर पेशी (लिव्हरमधल्या जंतू गिळणाऱ्या इम्यून पेशी) सुटतच नाहीत. सिऱ्होसिसच्या टिश्यूला वेळ जास्त लागतो, म्हणून फ्लो सायटोमेट्रीत (रंग लावलेल्या पेशी लेझरने मोजण्याच्या तपासणीत) दिसलेला फरक आजाराचा की एन्झाइमचा, हे ठरवायला तीच वेळ निरोगी टिश्यूलाही देऊन पाहावी लागते. लिव्हरच्या पेशी आपणहून चमकतात, त्यामुळे मेलेल्या पेशींचा डाय आणि रंग न लावलेलं सॅम्पल दर वेळी हवंच.

प्रेषक: अभिजित
एक राहिलं. माणसाचं टिश्यू हाताळायचं तर हिपॅटायटिस बीची लस लागते. नेहमीचं वेळापत्रक 0, 1 आणि 6 महिने, नंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची. ब्रिटनमध्ये 100च्या वर आकडा आला तर उत्तम, 10 ते 100 मध्ये आला तर एक डोस जास्तीचा. ऑक्टोबरला रुजू व्हायचं तर पहिला डोस फेब्रुवारीत घ्यायला हवा, ऑफर येवो न येवो. लहानपणी घेतली असेल तर आधी अँटिबॉडी तपासून घ्या आणि जुनं कार्ड शोधा.