परदेशातलं रोजचं विज्ञान : तुमच्या नजरेला काय पडलं?

नव्या देशात आल्यावर सुरुवातीला सगळंच टिपलं जातं, मग नजर सरावते. ती सरावण्याआधी दिसलेलं इथे लिहा. मोठमोठे पूल, मनोरे नकोत. हाताशी, पायाखाली असलेलं हवं.

सुरुवात माझ्यापासून. लंडनमध्ये रस्ता ओलांडायच्या सिग्नलला बटणाचा डबा असतो. त्याच्या तळाशी बोटं फिरवून बघा. बऱ्याच ठिकाणी खाचा पाडलेला छोटासा शंकू हाताला लागतो. हिरवा माणूस लागला की तो गरगर फिरतो! दिसत नसलेल्या माणसाला चिमटीतच कळतं, आता निघायचं. जवळजवळ दोन सिग्नल असले की आवाज नेमका कुठल्या सिग्नलचा, हा घोळ होतो. इथे ती भानगडच नाही.

*

ओसाका. आमच्याकडे भूकंपाचा जोराचा धक्का बसला की गॅसचा मीटर आपणहून गॅस तोडतो. मग सगळ्या शेगड्या बंद करायच्या, मीटरवरचं बटण दाबायचं आणि तीनेक मिनिटं गप उभं राहायचं. तेवढ्यात मीटर कुठे गळती आहे का ते तपासतो, नसेल तरच गॅस सोडतो. हे उगाच नाही. 1923चा कांतो भूकंप (टोकियो परिसरातला) दुपारी बाराच्या सुमारास झाला, घरोघरी चुली पेटलेल्या. पडझडीपेक्षा कितीतरी जास्त माणसं आगीत गेली.

*

मी नियम मोडतोय, कारण माझं यंत्र अवाढव्य आहे. स्कॉटलंडमधलं फॉलकर्क व्हील, 2002 सालचं. बोटींना 24 मीटर उचलून वरच्या कालव्याकडे नेतं. फिरणाऱ्या चाकाच्या दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन टाक्या. बोट टाकीत शिरली की स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलते, म्हणजे एकीकडे बोट आणि दुसरीकडे नुसतं पाणी असलं तरी पारडी समान! एका खेपेला वीज जाते जेमतेम 1.5 युनिट. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो, आणि आर्किमिडीज शाळेत पाठ केलेली मंडळीसुद्धा आधी "मोठी बोट असेल तर?" असंच विचारतात.

*

आइसलंडच्या रेक्याविकमध्ये भूगर्भातल्या उष्णतेचं गरम पाणी घरं तापवतं. तिथून निघालेलं कोमट पाणी बऱ्याच ठिकाणी फुटपाथखालच्या नळ्यांतून फिरवतात, त्यामुळे बर्फ साचत नाही. नळाच्या गरम पाण्याला मात्र गंधकाचा वास. इकडे येणार असाल तर अंघोळीआधी चांदीची जोडवी काढून ठेवा, काळी पडतात.