मदत हवी आहे: भाऊ गेलेल्या ९ वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक

माझ्या भाचीचा मोठा भाऊ चार महिन्यांपूर्वी गेला. दोघं रात्री एकत्र जादूच्या गोष्टी वाचायचे, तो वाचायचा आणि ही ऐकायची. शेवटच्या पुस्तकात त्याचा बुकमार्क अजून तिथेच आहे, ती रोज पहिल्यापासून त्या पानापर्यंत वाचते आणि बंद करून ठेवते, पुढचं पान उलटतच नाही. ताई काही बोलत नाही, मलाही काय बोलावं सुचत नाही.

म्हणून तिला अशी फँटसी कादंबरी द्यावी असं वाटतंय ज्यात भावंड गमावलेलं मूल आहे. शोधताना अॅस्ट्रिड लिंडग्रेनचं १९७३ चं 'द ब्रदर्स लायनहार्ट' हाती लागलं, मी आधी स्वतः वाचलं, फार सुंदर आहे आणि मी खूप रडले. पण त्यात दोन्ही भाऊ मरून दुसऱ्या जगात भेटतात आणि शेवटी धाकटा मोठ्याला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी मारतो, तिथे माझ्या पोटात गोळाच आला. आत्ताच ती विचारते "मी गेले तर दादा भेटेल का?", मग हे तिच्या हातात कसं देऊ?

कोणी आपल्या मुलांना हे वाचून दाखवलंय का, शेवट कसा हाताळलात? की दुसरं काही सुचवाल, ज्यात मेलेलं भावंड जादूने परत येत नाही पण जिवंत असलेलं मूल परत घरी येतं? मराठीत असेल तर फारच बरं, नाहीतर इंग्रजी मी वाचून सांगेन. आणि तिच्या त्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं, तेही प्लीज सांगा.