घरातील मानसिक आजारावर विनामूल्य उपचार आणि घरच्यांना आधार सिंधुदुर्गात कोठे मिळेल?

प्रश्न : देवगड तालुक्यातून, एक बहीण

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ सत्तावीस वर्षांचा आहे. तो मुंबईत नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी गणपतीला म्हणून घरी आला, तो परत गेलाच नाही. कामाचा कंटाळा आला असेल असे आम्हांला आरंभी वाटले. परंतु हळूहळू त्याची रात्रीची झोप गेली, माजघराच्या कोपऱ्यात बसून तो कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलू लागला आणि शेजारचे लोक विहिरीत काहीतरी टाकतात असे म्हणून घरचे पाणी पिणेच त्याने सोडले. गावातल्या रीतीप्रमाणे देवस्की झाली, उतारे झाले. त्यात जवळजवळ आठ महिने गेले.

नंतर एका मोठ्या शहरातील खाजगी डॉक्टरांकडे आम्ही त्याला नेले. तीन महिन्यांत तो पुष्कळ सावरला आणि वडिलांबरोबर कलमांच्या बागेतही जाऊ लागला. मात्र औषधे आणि प्रवास मिळून दरमहा चार ते पाच हजार रुपये लागत होते. गेल्या हंगामात आंबा हाती आला नाही आणि औषधे बंद पडली. ती एकाएकी बंद करू नयेत किंवा सरकारी रुग्णालयातूनही मिळू शकतात, हे त्या दवाखान्यात आम्हांला एकदाही कोणी सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. दीड महिन्यात सारे पूर्ववत झाले.

आता तो डॉक्टरांकडे यायला तयार नाही. आई त्याच्या दाराशी चटई टाकून झोपते आणि कडीचा आवाज झाला की उठून बसते. ती वर्षभर कोणाच्या लग्नाकार्याला गेलेली नाही. आपल्या भागात विनामूल्य उपचार कोठे मिळतात? रुग्ण सोबत नसताना घरच्यांनी जाऊन विचारले तर चालते का? आणि आईचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी आहे का? गावात बोभाटा होईल याची वडिलांना फार धास्ती आहे, म्हणून येथे विचारत आहे.

उत्तर १ : निवृत्त परिचारिका, कुडाळ

ताई, सर्वप्रथम एक गोष्ट आजच करा. आंब्यावर फवारायची औषधे खळ्याजवळच्या खोपीत उघडी पडलेली असतील, तर ती कुलपात ठेवा आणि किल्ली वडिलांच्या कनवटीला राहू द्या. भाऊ मरणाचे बोलत नसला तरीही हे करा. बागायतदाराच्या घरात ही काळजी आधी घ्यायची असते, हे मी नोकरीतल्या अनुभवाने सांगते.

त्यानंतर १४४१६ हा क्रमांक लावा. ही ‘टेली मानस’ नावाची केंद्र शासनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. आई, बहीण, कोणीही बोलू शकते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज दिसल्यास पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. आईला रात्री दोन वाजता रडू आवरले नाही, तर तिनेही हाच क्रमांक फिरवावा.

प्रत्यक्ष उपचारांसाठी ओरोस येथील जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जा. देवगडहून नांदगाव, कणकवलीमार्गे सकाळच्या एसटीने निघालात तर वेळेत पोहोचता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञांबरोबर मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका असतात आणि हे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही तपासणीला जाते. तुमच्या ग्रामीण रुग्णालयातील तो दिवस आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून विचारून घ्या. आशाताई गावातलीच असल्याने बोभाट्याची भीती वाटत असेल, तर थेट ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा.

भाऊ येत नसेल तर पहिल्या खेपेस तुम्ही आणि आई दोघीच जा. रुग्णाला न पाहता डॉक्टर औषध लिहून देणार नाहीत आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला कसे बोलते करावे, काय टाळावे आणि कोणती लक्षणे धोक्याची समजावीत, हे ते निश्चित समजावून सांगतील. जुन्या दवाखान्याचे सर्व कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत न्या, कारण कोणत्या औषधाने त्याला उतार पडला होता हे डॉक्टरांना त्यावरून कळते आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागत नाही. एक वही घाला. तो किती वाजता झोपला, किती वाजता उठला, जेवला का, पाणी कोठले प्यायला, एवढेच रोज लिहा. ‘तो विचित्र वागतो’ या वाक्यापेक्षा अशा पंधरा दिवसांच्या नोंदी डॉक्टरांच्या अधिक उपयोगाच्या असतात.

औषधे पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे फरक दिसला नाही तरी धीर सोडू नका. अंग जड होणे, हात कापणे, झोप फार येणे असे त्रास झाले तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. आमटीत गोळी विरघळवून देण्याचा मोह पुष्कळ घरांत होतो. विहिरीत कोणी काही टाकते असा ज्याला संशय आहे, त्याला हे कळले तर तो घरचे जेवणही सोडेल, म्हणून तुमच्या घरात तर ते मुळीच करू नका. तो पाण्याविषयी बोलू लागला की ‘तसे काही नाही’ म्हणून वादही घालू नका. ‘तुला भीती वाटते आहे हे मला दिसते’ एवढे म्हणावे आणि त्याच्यादेखत भरलेला तांब्या त्याच्यासमोर ठेवावा.

देवस्कीबद्दल मी कोणाला दुखवत नाही. देवाला गाऱ्हाणे घालायचे तर जरूर घाला, गोळी मात्र चुकवू नका.

उत्तर २ : एक पालक, लांजा

बाय, तुझ्या आईची ती चटई वाचून मला माझ्या पत्नीची आठवण झाली. आमच्या मुलाच्या आजाराला आता अकरा वर्षे झाली. तो रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात औषधे घेतो आणि सध्या एका वखारीत अर्धा दिवस कामाला जातो. राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे एक असून बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूर येथे आहेत. ‘रत्नागिरीला नेले’ हे शब्द आपल्याकडे टोमण्यासारखे वापरतात, त्यामुळे मी स्वतः दोन वर्षे त्या फाटकाच्या आत पाऊल टाकले नाही. ती दोन वर्षे मुलाची फुकट गेली, ही सल मला आहे. तेथे गेलेला प्रत्येकजण भरती होतो असे नाही. बहुतेक लोक केसपेपर काढतात, डॉक्टरांना भेटतात आणि औषधे घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी परततात.

मी प्रथम एकटाच गेलो होतो. तेथील सामाजिक कार्यकर्त्यांनी मला बसवून घेतले आणि मुलाचे सोडून आधी मलाच विचारले, की तुम्ही स्वतः शेवटचे पूर्ण रात्र कधी झोपलात? मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून आम्ही रात्रीच्या पाळ्या लावल्या. एक रात्र मी, एक रात्र पत्नी आणि शनिवारी माझा पुतण्या. पुतण्याला सांगावे लागले याची आधी लाज वाटली, परंतु ज्याला सांगितले त्यानेच पुढे सर्वांत जास्त केले. तुम्हीही सगळ्या गावाला सांगू नका, फक्त एका विश्वासू माणसाला सांगा.

पावसाळ्यापूर्वी पुढच्या महिन्याची औषधे शक्य असल्यास मागून ठेवा. एकदा घाटात दरड पडून आमची फेरी चुकली आणि चार दिवस गोळी नव्हती. त्याची भरपाई व्हायला महिना गेला.

उत्तर ३ : वकील, रत्नागिरी

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. मी फक्त हक्कांची बाजू सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार शासनाच्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या सेवांमधून परवडणारे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे तसे कार्ड नसले तरीही, हे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजारांवरील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्व मनोरुग्णांना विनामूल्य उपलब्ध असावीत, असेही हेच कलम सांगते. औषध शिल्लक नाही असे उत्तर मिळाल्यास वाद न घालता वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वडिलांच्या धास्तीविषयी सांगायचे तर कलम २३ प्रमाणे रुग्णाच्या आजाराची माहिती गुप्त राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. हे तुमच्या घराला उद्देशून नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मनोरुग्णांना, तसेच महिलांना आणि मुलांना त्यांचे उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आजार दीर्घकाळ राहिला तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे हे लक्षात ठेवा. जिल्हा रुग्णालयातून तपासणीनंतर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींची वाट मोकळी होते आणि तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो. मात्र हे पुढचे काम आहे, आधी उपचार सुरू होऊ द्या.

उत्तर ४ : शिक्षिका, गुहागर

ज्यांच्या घरी दारूमुळे ताण आहे अशा वाचकांसाठी थोडे लिहिते. पिणारा माणूस बदलायला तयार नसला तरी त्याच्या पत्नीसाठी आणि मुलांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे स्वतंत्र कुटुंबगट असतात आणि त्यांना शुल्क नसते. घरात मारहाण होत असेल तर महिलांनी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वापरावेत; जीव धोक्यात असेल तर थेट ११२.

पुन्हा प्रश्नकर्ती बहीण, देवगड

सर्वांचे मनापासून आभार. खोपीला कुलूप लागले आहे. काल रात्री मी आणि आईने १४४१६ वर फोन केला. आई आधी काही बोलेना, नंतर जवळजवळ अर्धा तास तीच बोलत होती. पलीकडच्या ताईंनी तिला मध्ये एकदाही तोडले नाही.

वही वेगळी घालावी लागली नाही, कारण वडिलांच्या आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर आईने पेन्सिलीने तारखा घालून ठेवलेल्या मला आजच सापडल्या. ‘रात्री दोनला उठला’, ‘भात खाल्ला, आमटी नाही’, ‘आज माझ्याशी बोलला’ अशा साडेतीन महिन्यांच्या नोंदी आहेत. त्या तिने कोणाला दाखवल्या नव्हत्या. मंगळवारी आम्ही दोघी ओरोसला जात आहोत, ती वही आणि जुने कागद बरोबर घेत आहोत. त्या रात्री भावाजवळ झोपायला चुलतभाऊ येणार आहे. वडिलांनी स्वतःच त्याला विचारले.

लांज्याच्या काकांना एक विचारायचे आहे. तुमचा मुलगा पहिल्यांदा रुग्णालयात यायला कशाने तयार झाला, हे सांगू शकाल का?

उत्तर २ चे पुढे : पालक, लांजा

आजारासाठी तो आला नाही, बाय. त्याला झोप लागत नव्हती आणि त्याचा त्यालाच फार त्रास होत होता. ‘झोपेचे औषध विचारून येऊ’ असे मी म्हणालो आणि ते खरेही होते. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी फक्त झोपेविषयीच विचारले, बाकीचे तो तिसऱ्या खेपेला आपणहून बोलला. तुझ्या भावालाही झोप नाही असे तू लिहिले आहेस, तेव्हा मंगळवारी डॉक्टरांना हे सांगून पाहा.